बर्फावरच्या रस्त्याची निविदा

आइला तिर्कोनेनने सेल्कावेसीच्या पालिकेसाठी चौतीस वर्षे खरेदी केली. शाळेच्या स्वयंपाकघरातले राय या धान्याचे पीठ, वृद्धाश्रमाच्या चादरी, वाचनालयाचे दिवे, अग्निशमन दलाचे बूट अशी जी जी वस्तू गावात सगळ्यांची होती आणि कुणा एकाची नव्हती, ती तिच्या सहीने आलेली असे. स्वतःच्या घरासाठी मात्र ती दुकानात गेली की एका पडद्याच्या कापडापुढे अर्धा तास उभी राहून रिकाम्या हाताने परत येई. नवरा म्हणे, "तुझ्याकडून काही घ्यायचं तर आधी ठराव मांडायला हवा." त्याची ही थट्टा ती ऐकून घेई, कारण ती खोटी नव्हती. सार्वजनिक पैशाने वस्तू घेणाऱ्याला आपल्या प्रत्येक निवडीचे कारण सांगता आले पाहिजे, असे ती मानत असे, आणि ज्याचे कारण सांगता येत नाही ते घेऊ नये, हा नियम तिने हळूहळू घरालाही लावला होता.

तिच्या कामातली सर्वांत लहान आणि सर्वांत जोखमीची खरेदी दर हिवाळ्यात एकदाच होई. गावासमोरच्या सरोवरात चार किलोमीटरवर हेपोसारी हे बेट आहे, त्यावर एकोणीस घरे आहेत. डिसेंबरात पाणी गोठू लागले की फेरीबोट बंद होते आणि मग बर्फ पुरेसा जाड झाला की त्यावरून गाड्यांचा रस्ता सुरू होतो. हा रस्ता आपोआप होत नाही. बर्फ माणसाला पेलू लागताच त्यावर पडलेला भुसभुशीत हिमाचा थर झाडून काढावा लागतो, कारण तो गोधडीसारखा असतो, खालच्या बर्फाला थंडी लागू देत नाही. ठरावीक अंतरावर गिरमिटाने भोके पाडून जाडी मोजावी लागते. पांढऱ्या, हवा मिसळलेल्या बर्फाची जाडी अर्धीच धरायची, काळ्या, पारदर्शक बर्फाची पुरती. सामुद्रधुनीसारख्या अरुंद जागी खालून प्रवाह वाहतो, तिथली वाट दरवर्षी सरकते. कडेने स्प्रूस झाडाच्या फांद्या रोवायच्या, पाटी लावायची, आणि वसंतात योग्य दिवशी सगळे बंद करायचे.

सव्वीस हिवाळे हे काम ओइवा रूस्कानेन करीत आला होता. नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात तो पालिकेत येई, टोपी गुडघ्यावर ठेवी आणि दोन कप कॉफी संपेपर्यंत गप्प बसे. मग बांधकाम विभागाचा प्रमुख आर्वो कीस्किनेन विचारी, "यंदाही?" ओइवा म्हणे, "बघू काय गोठतं ते." एवढ्यावर कंत्राट झालेले असे. आइला एक पान टंकून देई, तो ते घरी नेऊन दोन दिवसांनी सही करून आणी. त्या पानावर एक वाक्य होते: रस्ता कंत्राटदाराच्या निर्णयाने उघडेल व त्याच्याच निर्णयाने बंद होईल. सव्वीस वर्षांत त्या रस्त्यावर एकही गाडी बुडाली नाही, याचे श्रेय बर्फाइतकेच त्या वाक्याला होते. त्याने एका माणसाला 'अजून नाही' म्हणण्याचा अधिकार दिला होता, आणि पालिकेचा अध्यक्ष, बेटावरचे मतदार किंवा नाताळची गर्दी यांपैकी कुणालाही तो काढून घेता येत नव्हता.

मग ई-निविदा आली. परिसरातल्या अकरा पालिकांनी मिळून एकशेवीस किलोमीटरवरच्या शहरात एक सामाईक खरेदी केंद्र काढले आणि सगळी खरेदी एका पोर्टलवरून व्हावी, असे ठरवले. आइला त्याच्या विरोधात नव्हती, हे नोंदवले पाहिजे. उलट सभेत तिने त्याच्या बाजूने हात वर केला होता. शेजारच्या पालिकेत शाळेच्या खिडक्या अकरा वर्षे अध्यक्षाच्या मेहुण्याकडून येत होत्या आणि त्या अकरा वर्षांत कुणी दुसऱ्याला भाव विचारला नव्हता, हे तिला ठाऊक होते. कॉफीच्या दोन कपांवर होणारे कंत्राट ओइवाच्या बाबतीत चांगले ठरले, ते ओइवा चांगला म्हणून. पद्धत चांगली होती म्हणून नव्हे. चांगल्या माणसावर अवलंबून असलेली व्यवस्था ही व्यवस्था नव्हे, असे ती आर्वोला म्हणाली होती. आर्वो म्हणाला होता, "बरं. मग आता वाईट माणसांसाठी फॉर्म भरायला शीक."

ती शिकली. दोन दिवसांच्या प्रशिक्षणात दालचिनीचे पाव खाल्ले, तीन पासवर्ड घेतले. रायचे पीठ आणि चादरी पोर्टलवरून आल्या, स्वस्तही आल्या. नोव्हेंबर जवळ आला तेव्हा तिने बर्फाचा रस्ता भरायला घेतला आणि तिथे तिच्या नाकीनऊ आले.

पोर्टलला प्रत्येक खरेदीसाठी एक सांकेतिक क्रमांक लागतो. यादीत साडेनऊ हजार क्रमांक होते. त्यात खाण्याचा बर्फ होता, स्केटिंगच्या मैदानाची निगा होती, विमानांच्या पंखांवरचा बर्फ काढणे होते. बर्फावरून माणसे नेणारा रस्ता नव्हता. तिने सर्वांत जवळचा म्हणून 'रस्त्यांची हिवाळी देखभाल' हा क्रमांक निवडला. त्याबरोबर पोर्टलने आपणहून एक प्रश्नावली जोडली. दक्षिणेकडच्या डांबरी रस्त्यांवरून हिम ढकलणाऱ्या कंत्राटदारांसाठी ती कुणीतरी तयार केली होती. पहिला प्रश्न असा: ठरलेल्या तारखेला सेवा सुरू होईल याची निविदाकार हमी देतो काय? होय किंवा नाही. पुढे तीन बाबतींत स्वतःला एक ते पाच गुण द्यायचे: कामातले कौशल्य, विश्वासार्हता, जागेच्या परिस्थितीचे ज्ञान. किमतीला चाळीस टक्के वजन, या गुणांना साठ. प्रश्न पुसता येत नव्हते, बदलता येत नव्हते.

तिने केंद्राच्या मदत क्रमांकावर फोन केला. पलीकडे एक नम्र तरुण आवाज होता.

"तुम्हाला प्रश्नावली बदलायची आहे का?"

"बदलायची नाही, काढायची आहे. तारखेची हमी इथे कुणी देऊच शकत नाही. सरोवर गोठेल तेव्हा रस्ता होईल."

"पण सेवा सुरू होण्याची तारीख हा रकाना सक्तीचा आहे."

"हो, तेच मी सांगतेय. तारीख माझ्या हातात नाही."

"मग तुम्ही अंदाजे तारीख टाका."

"आणि हमी? अंदाजे हमी द्यायची?"

"त्यासाठी तुम्हाला तिकीट काढावं लागेल, म्हणजे पोर्टलवर लेखी तक्रार नोंदवावी लागेल."

तिने तिकीट काढले. नऊ दिवसांनी उत्तर आले की प्रश्नावली प्रमाणित असून ती सर्व अकरा पालिकांना समान लागू आहे, आपल्या अभिप्रायाबद्दल आभार. तिने दुसरे तिकीट काढले, त्याला पहिलेच उत्तर पुन्हा आले. नोव्हेंबरची पाच तारीख उलटून गेली होती. सभेची टिपणे, चादरींची तक्रार, शाळेच्या भांडी धुण्याच्या यंत्राची बिघडलेली झडप असे सगळे टेबलावर साचले होते. एका दुपारी तिने कपाळाला हात लावला, पंधरा जानेवारी ही तारीख टाकली आणि निविदा जशीच्या तशी प्रसिद्ध केली. प्रश्न चुकीचे आहेत हे तिला त्या क्षणी माहीत होते. पण आपण फक्त प्रश्न विचारतो आहोत, उत्तर देणारे शहाणे असतील, अशी तिने स्वतःची समजूत घातली. दमलेला प्रामाणिक माणूस आपली जबाबदारी अशाच वेळी दुसऱ्याच्या शहाणपणावर ढकलतो.

ओइवाला पोर्टल म्हणजे काय हे ठाऊक नव्हते. बुधवारी वाचनालयात लोकांना संगणक शिकवण्याची वेळ असे, तिथे तो आला. शिकवणारी बाई आजारी होती आणि आइलाला तिच्या जागी बसवण्यात आले होते. बँकेच्या पासवर्डाने ओळख कशी पटवायची, कागद कुठे जोडायचा, हे दाखवायला हरकत नव्हती. काय लिहायचे, हे सांगायला मनाई होती. सर्व निविदाकारांना समान वागणूक, हा सार्वजनिक खरेदीच्या कायद्याचा कणा आहे आणि आइलाला तो मान्य होता. म्हणून प्रश्नावली उघडताच तिने खुर्ची थोडी वळवली आणि खिडकीकडे पाहू लागली. पण काचेत संगणकाचा पडदा दिसत होता.

"हमी," ओइवा म्हणाला. "कुणाची हमी मागतायत? माझी का सरोवराची?"

"मी काही सांगू शकत नाही, ओइवा."

"पंधरा जानेवारी कुणी ठरवली?"

"सांगू शकत नाही."

"तूच ठरवलीस ना."

तिने खुर्ची आणखी थोडी वळवली. त्याने चष्मा पुसला, प्रश्न पुन्हा वाचला आणि 'नाही'वर टिचकी मारली. काचेतल्या प्रतिबिंबात तिला ते स्पष्ट दिसले. तोंडातून शब्द बाहेर पडू नये म्हणून तिने ओठ घट्ट मिटून घेतले.

"आता स्वतःला गुण द्यायचे," तो म्हणाला. "शाळेत असतं तसं. फक्त मास्तर मीच."

"हं."

"बर्फाचं ज्ञान. पाचपैकी." तो बराच वेळ थांबला. "पाच लिहिणारा माणूस बर्फावर जाऊ नये. सीस्टो होता ना, पलीकडच्या किनाऱ्यावरचा, त्याने स्वतःला पाच दिले असते. ट्रॅक्टर अजून तळाशी आहे त्याचा." त्याने तीन लिहिले. विश्वासार्हतेला तीन. कौशल्यापाशी पुन्हा थांबला आणि म्हणाला, "इथे दोन लिहितो. वेल्डिंग मला कधी जमलं नाही."

"वेल्डिंगचा इथे काय संबंध!" आइलाच्या तोंडून निघून गेले.

"कौशल्य विचारलंय. कसलं ते लिहिलेलं नाही." तो तिच्याकडे वळला. "का, काही चुकतंय का माझं?"

आइलाने मान हलवली. ती हो होती की नाही, हे तिला स्वतःलाही सांगता आले नसते. या गावात लहानपणापासून मुलांना एक गोष्ट न शिकवता शिकवली जाते: स्वतःविषयी चांगले बोलणे हे खोटे बोलण्याच्या जवळचे असते. पाहुण्याला जेवण वाढताना घरची बाई म्हणते की आज काही खास जमलेले नाही. ज्याला स्कीवर सगळ्यांत पुढे जाता येते तो म्हणतो की बरे चालते. ओइवाच्या तीनचा अर्थ इथल्या प्रत्येकाला कळला असता: याच्यापेक्षा चांगला माणूस तुम्हाला मिळणार नाही. पोर्टलच्या लेखी मात्र तीन म्हणजे तीन होते. जो माणूस स्वतःला मोजताना कठोर असतो त्याला दंड करायचा आणि जो सैल असतो त्याला बक्षीस द्यायचे, अशी परीक्षा तिने स्वतःच्या सहीने मांडली होती, आणि आता ती खिडकीकडे तोंड करून बसली होती.

मुदत संपली तेव्हा दोन निविदा आल्या होत्या. दुसरी तीनशे किलोमीटरवरच्या एका कंपनीची होती. होय, पाच, पाच, पाच. किंमत ओइवापेक्षा जास्त होती, पण त्याने फरक पडत नव्हता, कारण 'नाही' या एका उत्तरामुळे पोर्टलने ओइवाला किमतीपर्यंत पोहोचूच दिले नव्हते. त्याच्या नावापुढे राखाडी अक्षरांत 'अपात्र' असे लिहिले होते. खाली निर्णयाचा मसुदा तयार होता आणि त्याखाली आइलाच्या सहीसाठी जागा.

सही करण्याआधी खुलासा मागण्याचा तिला अधिकार होता. तिने कंपनीला फोन लावला. विकहोल्म नावाचा प्रतिनिधी मोकळेपणाने बोलला.

"जागेच्या परिस्थितीच्या ज्ञानात तुम्ही पाच गुण घेतलेत," आइला म्हणाली. "आमच्या सरोवरावर तुमचं कुणी आलंय का कधी?"

"आम्ही सगळीकडे स्थानिक भागीदार घेतो. काळजी करू नका."

"इथे कोण आहे?"

"एक जण बघून ठेवलाय. अजून बोलणं झालं नाही त्याच्याशी. रूस्कानेन म्हणून कुणी आहे, बरीच वर्षं हेच काम करतो म्हणे. तुम्ही ओळखत असाल."

आइलाने फोन दुसऱ्या हातात घेतला. "ओळखते," ती म्हणाली. "आणि पंधरा जानेवारीला बर्फ पातळ असेल तर?"

"तारीख आम्ही पाळतो. उशीर झाला तर तुमच्याच अटींनुसार आम्हाला दंड बसतो ना. आमचा साइट मॅनेजर इथून सगळं बघेल."

"तिथून?"

"कॅमेरे असतात हो आता."

फोन ठेवून ती थेट आर्वोच्या खोलीत गेली आणि उभ्यानेच सगळे सांगितले. आर्वोला निवृत्त व्हायला चौदा महिने उरले होते आणि तो दर सोमवारी भिंतीवर एक रेघ खोडत असे.

"म्हणजे काम ओइवाच करणार," तो म्हणाला.

"हो."

"तोच माणूस, तोच बर्फ, तेच गिरमिट. मग तुझं दुखतंय कुठे?"

"गिरमिट त्याचं. रस्ता उघडायचं कुणी ठरवायचं, ते तीनशे किलोमीटरवरून. दंड टाळण्यासाठी. आर्वो, त्या कंपनीचे पाच गुण ओइवाच्या तीनावर उभे आहेत, आणि त्या तिनात जे खरं होतं तेवढंच त्यांनी वगळलंय."

"हे तू पालिकेच्या समितीपुढे असं बोललीस तर ते तुला रजेवर पाठवतील."

"तू त्या रस्त्यावर गाडी घालशील का? कॅमेऱ्याच्या भरवशावर?"

आर्वोने भिंतीकडे पाहिले. "रद्द केलीस तर काय होईल, ठाऊक आहे ना? समितीची मंजुरी लागेल, ती दहा डिसेंबरला बसते. मग नवी निविदा, मग नाताळ, मग हरकतींसाठी चौदा दिवस थांबायचा केंद्राचा नियम. कंत्राट होईपर्यंत जानेवारी संपेल. तोवर हिम कोण झाडणार? विम्याशिवाय कुणी पाय ठेवणार नाही तिथे. हिल्काला तू सांगशील?"

हिल्का पार्वियाइनेन बेटावर राहत होती. वय एकोणऐंशी. आठवड्यातून तीनदा तिला रक्तशुद्धीसाठी, म्हणजे डायलिसिससाठी, गावच्या आरोग्यकेंद्रात यावे लागे. फेरी बंद होऊन रस्ता सुरू होईपर्यंतचे चार-पाच आठवडे ती दरवर्षी केंद्राच्या एका खोलीत काढी आणि प्रत्येक वर्षी शपथ घेई की पुढच्या वर्षी आपण घरीच मरू. घरी तिचे मांजर होते, शेजारीण त्याला जेवू घाली, पण हिल्काच्या मते शेजारणीला मांजराशी बोलता येत नसे.

एका बाजूला रस्त्याला होणारा उशीर होता, त्याचे दिवस मोजता येत होते आणि ते कुणाला सोसावे लागणार त्याचे नावही ठाऊक होते. दुसऱ्या बाजूला जो धोका होता तो कदाचित कधीच घडला नसता. दोन्हींचे वजन एका तराजूत पडत नाही, आणि ज्याला सही करायची असते त्याला मात्र पडते असे मानून चालावे लागते. आइलाने तीन दिवस घेतले. चौथ्या दिवशी तिने पोर्टलवर 'खरेदी रद्द करा' हे बटण शोधून काढले. ते शोधण्यातच तिचा पाऊण तास गेला. पोर्टलने कारण विचारले आणि निवडीसाठी पाच कारणे दिली: निविदा आल्या नाहीत, निधी नाही, गरज संपली, तांत्रिक अडचण, इतर. तिने 'इतर' निवडले. दोनशे अक्षरांचा एक चौकोन उघडला. तिने लिहिले: 'प्रश्न चुकीचे विचारले गेले. चूक खरेदी करणाऱ्याची आहे, निविदाकारांची नाही.' समितीत एका सदस्याने विचारले की असे लिहिण्याची पद्धत आहे का. आर्वो म्हणाला, "पद्धत नाही. पण खरं आहे." त्याच्याकडून तिला एवढी अपेक्षा नव्हती.

बातमी बेटावर त्याच संध्याकाळी पोहोचली. दुसऱ्या दिवशी सकाळी आरोग्यकेंद्रातून हिल्काचा फोन आला.

"आइला, तू रस्ता रद्द केलास म्हणे."

"निविदा रद्द केली. रस्ता होईल."

"कधी?"

"फेब्रुवारीत, बहुतेक."

"माझ्या खोलीच्या खिडकीतून काय दिसतं माहीत आहे? कचऱ्याचे डबे. तीन. मी त्यांना नावं दिलीत."

"हिल्का, मला वाईट वाटतं."

"वाईट वाटून घ्यायला तुला पगार मिळतो. मला काय मिळतं?" आणि तिने फोन ठेवला.

चौदा डिसेंबरला मोठे हिम पडले. सरोवर नुकतेच माणसाला पेलण्याइतके गोठले होते, त्यावर गुडघाभर थर बसला आणि बर्फाची वाढ तिथेच थांबली. दुपारी ओइवा पालिकेत आला. टोपी डोक्यावरच होती, कॉफी नको म्हणाला.

"झाडायला जाऊ का?"

"नाही."

"पैसे नकोत. नुसतं झाडतो. आत्ता नाही झाडलं तर मार्चपर्यंत चिखल होईल त्याचा."

"तू कंत्राटाआधी काम सुरू केलंस असं कंपनी म्हणेल. तक्रार करेल आणि जिंकेल."

"म्हणजे बर्फाची काळजी घेणं बेकायदा आहे आता."

"आत्तापुरतं, हो." तिचा स्वर चढला होता आणि तो कुणावर चढला होता हे तिला कळत नव्हते. "नवी निविदा पोर्टलवर टाकलीये. पुन्हा भर."

"मी एकदा उत्तर दिलंय, आइला. माझं उत्तर तेच आहे."

"प्रश्न बदललेत."

"काय आहेत?"

"ते तिथेच वाचावे लागतील. मी सांगू शकत नाही."

ओइवाने तिच्याकडे असे पाहिले की चौतीस वर्षांत पहिल्यांदा तिला आपले टेबल, आपली खुर्ची आणि आपल्या नावाची पाटी यांची लाज वाटली. तो निघून गेला. तो पुन्हा निविदा भरेल की नाही, हे तिला कळायला मार्ग नव्हता. त्याने भरली नाही तर तिने इतक्या लोकांना त्रास देऊन तीच कंपनी पुन्हा निवडली असती, फक्त आणखी उशिराने.

प्रश्न तिने खरोखर बदलले होते. 'रस्त्यांची हिवाळी देखभाल' सोडून यादीच्या तळाशी 'इतर विशेष सेवा' असा एक क्रमांक होता, त्याला प्रश्नावली जोडायला केंद्र विसरले होते. त्या रिकाम्या पानावर तिने स्वतः तीन प्रश्न लिहिले. बर्फ पेलणार नाही हे तुम्हाला कशावरून कळेल? मोजणी कोण करील, त्याचे नाव, आणि त्याने या सरोवरावर किती हिवाळे मोजणी केली आहे? रस्ता न उघडण्याचा निर्णय कोण घेईल, आणि त्याला तो बदलायला कोण लावू शकेल? उत्तरे तपासायला तिघे होते: ती, आर्वो आणि गावच्या बचाव पथकाची प्रमुख. तिघांनी वेगवेगळे गुण द्यायचे आणि प्रत्येक गुणाखाली कारण लिहायचे, असे तिने ठरवले. प्रश्न लिहायला तिला अडीच दिवस लागले. हेच अडीच दिवस तिने नोव्हेंबरात दिले असते तर बर्फ जानेवारीअखेर वीतभर अधिक जाड झाला असता.

मुदत नऊ जानेवारीला दुपारी बाराची होती. कंपनीची निविदा आदल्या दिवशीच आली. अकरा वाजता आइलाने ओइवा आलाय का हे विचारायला वाचनालयात फोन करावा असे मनात आणले आणि फोन खाली ठेवला. विचारणेही चूक ठरले असते. पावणेबाराला पोर्टलवर दुसरी निविदा आल्याची नोंद पडली. कुणाची, ते बारानंतरच दिसणार होते. ती पंधरा मिनिटे तिने पाठीमागे हात बांधून खोलीत फेऱ्या मारण्यात घालवली.

कंपनीचे उत्तर अकरा पानांचे होते, त्यात आलेख होते आणि मोजणी करणाऱ्याच्या नावाच्या जागी 'नंतर कळवण्यात येईल' असे होते. न उघडण्याचा निर्णय 'सर्व संबंधितांशी सल्लामसलत करून' होणार होता. ओइवाचे उत्तर पाच ओळींचे होते.

'बर्फ पेलत नाही असे मी धरून चालतो. भोके पाडतो, बर्फाने मला खोटे ठरवले तरच रस्ता उघडतो. प्रत्येक पन्नास मीटरवर भोक, सामुद्रधुनीत प्रत्येक दहावर. मोजणारा ओइवा रूस्कानेन, सव्वीस हिवाळे, त्यात दोनदा चुकलो, दोन्ही वेळा मी एकटाच होतो. निर्णय माझा. बदलायला कुणी लावू नये.'

ती दोनदा चुकण्याची गोष्ट आइलाला ठाऊक नव्हती. बचाव पथकाच्या प्रमुख बाईने त्या ओळीखाली सर्वाधिक गुण दिले आणि कारण लिहिले: चुका सांगतो. आइलाने आपले गुण दिले, आपले कारण लिहिले, चौदा दिवस थांबली, आणि सव्वीस जानेवारीला ओइवाच्या कंत्राटावर सही केली. खरेदी केंद्राकडून दोन दिवसांनी पत्र आले की सेल्कावेसी पालिकेने अप्रमाणित प्रश्नावली वापरली असून 'इतर विशेष सेवा' या क्रमांकालाही यापुढे प्रमाणित प्रश्नावली जोडण्यात येत आहे. तिने ते पत्र फाइलला लावले आणि लगेच तिसरे तिकीट काढले, या वेळी अकराही पालिकांच्या नावांनिशी.

रस्ता एकोणीस फेब्रुवारीला उघडला. दोन टनांपर्यंतच. त्याहून जड गाड्यांना ओइवाने परवानगी दिली नाही, आणि बेटावरच्या लाकूड वाहणाऱ्याने पालिकेत येऊन आरडाओरडा केला तेव्हा आर्वोने त्याला सरोवराकडे पाठवून दिले. हिल्काने आरोग्यकेंद्राच्या खोलीत दहा आठवडे काढले होते. घरी जाताना तिने टॅक्सी पालिकेपाशी थांबवली, काठी टेकत आत आली आणि आइलाच्या टेबलासमोर बसली.

"भोकं कुणी पाडली?"

"ओइवाने."

"सगळी?"

"सगळी. स्वतः."

हिल्काने मान डोलावली. समाधानाची वाटेल अशी ती नव्हती. "नोव्हेंबरात पहिला कागद निघाला तो तुझ्या सहीने?"

"हो."

"वाचला होतास?"

आइलाला सांगता आले असते की प्रश्नावली सक्तीची होती, तिकिटे काढली होती, यंत्राची झडप बिघडली होती. यातले प्रत्येक कारण खरे होते.

"वाचला होता," ती म्हणाली. "चूक आहे हे कळलंही होतं. तरी पाठवला."

हिल्का उठली आणि हातमोजे चढवू लागली. बाहेर टॅक्सीवाल्याने, बर्फ फुटलाच तर चटकन बाहेर पडता यावे म्हणून, सीटचे पट्टे सोडून ठेवले होते आणि बर्फावर जाण्याआधी काचा खाली केल्या होत्या.

"पाच आठवडे जास्त गेले माझे," ती दारातून म्हणाली. "माझ्या वयाला ते मोठे असतात. पुढच्या वेळी त्याच दिवशी भांड, आइला. नंतर नको."